शौचालय तुंबणे

शौचालय तुंबणे म्हणजे शौचकूपात सोडलेले पाणी व मैला पुढच्या वाहिनीत न जाता भांड्यातच साचणे, वर चढणे किंवा काठावरून बाहेर वाहणे होय. बोलीभाषेत ‘संडास भरला’, ‘ड्रेनेज तुंबले’ असे म्हटले जाते. मुंबई-पुण्याकडील प्लंबरांच्या भाषेत हाच ‘चोकअप’. अडथळा भांड्याखालच्या वळणात, घरातील वाहिनीत, आवारातील चेंबरमध्ये, सेप्टिक टँकमध्ये किंवा रस्त्याखालच्या मैलावाहिनीत असू शकतो. तो नेमका कोठे आहे यावर उपाय, खर्च आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी ठरतात. घरगुती बिघाडांत या प्रकाराची गणना किरकोळ म्हणून होते व बहुतेक वेळा तो किरकोळच असतो. मात्र मैला पिण्याच्या पाण्यात मिसळल्यास साथीचे रोग पसरतात, आणि तुंबलेली टाकी मोकळी करण्यासाठी माणूस आत उतरल्यास त्याचा जीव जाऊ शकतो.

रचना व कार्यपद्धती

शौचकूपाच्या भांड्याखाली नळीचे एक वळण असते. इंग्रजी ‘एस’ किंवा ‘पी’ या अक्षरांसारख्या आकारामुळे त्याला एस-ट्रॅप किंवा पी-ट्रॅप म्हणतात. या वळणात पाणी कायम साठून राहते आणि मैलावाहिनीतील दुर्गंधी, वायू व झुरळे यांना घरात येऊ देत नाही. पाण्याच्या या अडसराला मराठी स्थापत्य पाठ्यपुस्तकांत ‘जलबंध’ हा शब्द आढळतो. शहरी भांड्यांत जलबंधाची खोली साधारणतः ५० मिलिमीटर असते. ग्रामीण भागासाठी बनवलेल्या, अधिक उताराच्या भांड्यांत ती केवळ २० मिलिमीटर ठेवतात. त्यामुळे ही भांडी दीड-दोन लिटर पाण्यातही साफ होतात. लंडनमध्ये घड्याळे बनवणारा स्कॉटिश कारागीर अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली अशा वळणाच्या शौचकूपाचे एकस्व मिळवले. त्याआधीची पाण्याची शौचकूपे लोकांना घरात नकोशी वाटत, कारण मैला गेला तरी वास परत येत असे. कमिंगच्या वळणाने वास थांबवला. पण वाहिनीतील सर्वांत अडचणीची जागाही तीच ठरली. घरातील बहुतांश अडथळे आजही याच वळणात निर्माण होतात.

वळणाच्या पुढे मैला वाहून नेणारा नळ साधारणतः १०० किंवा ११० मिलिमीटर व्यासाचा असतो. आडव्या भागात त्याला पुरेसा उतार द्यावा लागतो. १०० मिलिमीटरच्या नळासाठी ४० फुटांत १ फूट हा गवंडी व प्लंबर यांच्यात रूढ असलेला हिशेब आहे. उतार कमी पडला तर पाणी निघून जाते आणि घन पदार्थ मागे राहतो. मग प्रत्येक वापरागणिक थर वाढत जातो व काही महिन्यांनी नळ बंद होतो. अशा घरांत अडथळा काढला तरी तो ठरावीक काळाने पुन्हा उद्भवतो आणि दोष रहिवाशांच्या सवयींना दिला जातो, प्रत्यक्षात तो बांधकामाचा असतो. उभ्या नळाचे वरचे तोंड गच्चीच्या वर उघडे ठेवलेले असते. त्यास व्हेंट म्हणतात. हे तोंड पक्ष्यांच्या घरट्याने किंवा गच्चीवर केलेल्या शेडमुळे बंद झाले, तर नळातील हवेचा दाब बिघडतो, पाणी गुडगुड आवाज करीत हळू उतरते आणि जलबंधही ओढला जाऊन कोरडा पडू शकतो.

महाराष्ट्रातील जुन्या इमारतींत मैल्याचा नळ वेगळा आणि मोरी व स्वयंपाकघराच्या सांडपाण्याचा नळ वेगळा, अशी दुहेरी पद्धत आढळते. नव्या इमारतींत अनेकदा दोन्ही एकाच उभ्या नळाला जोडलेले असतात. शौचालय तुंबले असता मोरीतून मैला वर येईल की नाही, हे या फरकावर अवलंबून असते. भारतीय बैठकीच्या शौचकूपाचे वळण फरशीखाली, विटांच्या तुकड्यांच्या कोब्यात गाडलेले असते. कमोड उचलून बाजूला ठेवता येतो. बैठकीचे भांडे मात्र फरशी फोडल्याशिवाय निघत नाही. त्यामुळे त्यात अडकलेली वस्तू पुढे ढकलण्याऐवजी शक्यतो मागे ओढून काढणे श्रेयस्कर ठरते.

कारणे

मानवी मैला व पाणी यांनी शौचालय क्वचितच तुंबते. तुंबते ते त्यात टाकलेल्या इतर वस्तूंमुळे. सॅनिटरी पॅड व बालकांचे डायपर हे द्रव शोषून फुगण्यासाठीच बनवलेले असतात आणि वळणात पोहोचल्यावर तेच करतात. ओले पुसणे अर्थात ‘वेट वाइप्स’ कागदासारखे दिसले तरी त्यांत बहुधा कृत्रिम धागे असतात व ते पाण्यात विरघळत नाहीत. केसांचे गुंते, कापूस, गुटख्याच्या पुड्या, साबणाची वडी, फिनेलच्या बाटलीचे झाकण, लहान मुलांची खेळणी आणि अलीकडे मोबाइल फोन या वस्तूही प्लंबरांच्या नित्य परिचयाच्या आहेत. स्वयंपाकघरातील उरलेला भात किंवा खरकटे शौचालयात ओतण्याची सवय काही घरांत असते. भात नळात फुगतो. तेलतूप थंड झाल्यावर नळाच्या आतील बाजूस चिकटते आणि त्यावर बाकीचा गाळ धरतो. हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर घडली की काय होते याचे उदाहरण २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात मिळाले. तेथील मैलावाहिनीत चरबी व वाइप्स यांचा सुमारे २५० मीटर लांबीचा व १३० टन वजनाचा गोळा सापडला. त्याचा एक तुकडा पुढे लंडनच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी ठेवण्यात आला.

पाण्याची कमतरता हेही एक कारण आहे. टंचाईच्या काळात रहिवासी फ्लशचा वापर टाळून तांब्या-दोन तांब्यांवर भागवतात. ग्रामीण पद्धतीच्या भांड्याला ते पुरते, परंतु मोठ्या इमारतीतील लांब आडव्या नळांतून मैला वाहून जाण्यास पुरत नाही. पाणी वाचवण्यासाठी टाकीत वीट ठेवण्याच्या युक्तीचाही परिणाम काही ठिकाणी असाच होतो. शिवाय वीट पाण्यात झिजून तिची माती झडपेत अडकते. बांधकामाच्या वेळी नळात पडलेले सिमेंट, वाहिनीच्या सांध्यांतून शिरलेली वड-पिंपळाची मुळे व जमीन खचल्याने तुटलेले नळ ही बाहेरील वाहिनीची नेहमीची दुखणी होत.

अडथळ्याची जागा ओळखणे

एकच शौचालय तुंबले असून त्याच घरातील दुसरे शौचालय, मोरी आणि बेसिन यांतून पाणी नीट जात असेल, तर अडथळा त्या भांड्याच्या वळणात किंवा त्यालगतच्या नळात असतो. घरातील सर्वच निचरा मंदावला असेल तर तो पुढच्या सामायिक नळात असतो. साचलेले पाणी नेहमी सर्वांत सखल तोंडातून बाहेर पडते. म्हणून एकेरी नळाच्या इमारतीत कमोड भरण्याआधी न्हाणीघरातील ‘न्हाणी ट्रॅप’च्या जाळीतून काळे पाणी वर येताना दिसते. वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केल्यावर तळमजल्याच्या भांड्यात बुडबुडे येत असतील, तर दोष निश्चितपणे खालच्या आडव्या नळात किंवा आवारातील चेंबरमध्ये आहे. इमारतीचे शेवटचे चेंबर काठोकाठ भरलेले असेल तर अडथळा त्याच्याही पुढे, रस्त्यावरील वाहिनीत असतो. ते रिकामे असेल तर अलीकडे. तळमजल्यावरील कुटुंबाला या बाबतीत दुहेरी त्रास होतो, कारण मैला वरच्यांचा असतो आणि बाहेर मात्र त्यांच्या घरात पडतो.

कधीकधी शौचालय तुंबलेले नसतेच. फ्लशच्या टाकीतील फ्लोट किंवा झडप बिघडल्याने पाणी अखंड वाहत राहते. टाकीतील जादा पाण्याची नळी असल्यास ते भांड्यात जाते व कोणाच्या लक्षात येत नाही. नसल्यास ते टाकीच्या काठावरून फरशीवर पडते. हे पाणी स्वच्छ असते आणि अँगल कॉक बंद करताच थांबते.

तातडीचे उपाय

पाणी वर चढताना दिसताच पुन्हा फ्लश करू नये. पहिल्या फ्लशने पाणी उतरले नाही म्हणून दुसऱ्यांदा कळ दाबणे ही अत्यंत स्वाभाविक आणि सर्वाधिक नुकसान करणारी प्रतिक्रिया आहे. अडथळा असताना भांड्यात एका टाकीपुरतीच जागा शिल्लक असते. टाकीचे झाकण काढता येत असेल तर आतील फ्लोट हाताने वर उचलून धरावा किंवा तळाची रबरी झडप दाबून बंद करावी. टाकीतील पाणी मैलायुक्त नसल्याने हात घालण्यास हरकत नाही. त्यानंतर भिंतीलगतचा अँगल कॉक घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद करावा. वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक अडकून बसतो. अशा वेळी पान्याने जोर लावून तो मोडण्यापेक्षा गच्चीवरील टाकीचा किंवा घराचा मुख्य कॉक बंद करणे बरे.

मैला सामायिक नळातून वर येत असेल तर स्वतःचा कॉक बंद करून उपयोग होत नाही. त्या नळावरील सर्व मजल्यांच्या रहिवाशांना पाणी न वापरण्याची सूचना ताबडतोब द्यावी लागते. धुण्याचे यंत्र चालू असेल तर तेही बंद करावे, कारण ते एका दमात बरेच पाणी सोडते. फरशीवर पाणी पसरले असल्यास गीझर व यंत्रांचा वीजपुरवठा मुख्य फलकावरून खंडित करावा. ओल्या पायांनी सॉकेटमधील प्लग काढू नये. दाराच्या उंबऱ्याशी जुनी गोणपाटे किंवा चादरी लावून पाणी खोल्यांत शिरण्यापासून अडवता येते. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि वृद्ध यांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

अडथळा काढणे

भांड्यातील पाणी काठापर्यंत आले असल्यास प्रथम दहा-पंधरा मिनिटे थांबावे. अडथळा पूर्ण बंदिस्त नसेल तर पाणी हळूहळू उतरते. न उतरल्यास जुन्या मगाने काही पाणी बादलीत काढून घ्यावे. वापरलेला मग व बादली नंतर इतर कामासाठी ठेवू नयेत.

सर्वाधिक उपयुक्त साधन म्हणजे दांड्याला लावलेली रबरी वाटी, अर्थात प्लंजर. कमोडसाठी खालच्या बाजूस रबराची जीभ असलेला प्लंजर घ्यावा, ती भोकात नीट बसते. सपाट तोंडाचा प्लंजर बेसिनसाठी असतो. बैठकीच्या भांड्याला मात्र तो चालू शकतो. रबरी वाटी पाण्यात पूर्ण बुडालेली असणे आवश्यक आहे, कारण हवा दाबली जाते व पाणी दाबले जात नाही. सगळा जोर पाण्यानेच पोहोचतो. पहिला दाब हळू द्यावा, अन्यथा वाटीतील हवा घाण पाण्यासह अंगावर उडते. नंतर पंधरा-वीस वेळा दाब द्यावा व ओढावे. ओढण्याचा जोर दाबण्याइतकाच महत्त्वाचा असतो, कारण अडकलेला गोळा पुढेमागे हलून सैल होतो. प्लंजर नसल्यास काठीच्या टोकाला गोणपाट किंवा जाड फडके प्लास्टिकच्या पिशवीसह घट्ट बांधून तेच काम करण्याची पद्धत घरोघरी आहे. फडके सुटून आत गेले तर मूळ अडथळ्यात नवी भर पडते, म्हणून गाठ पक्की असावी.

प्लंजरने काम न झाल्यास लवचीक तारेची गुंडाळी वापरतात. प्लंबर तिला ‘स्प्रिंग’ म्हणतात. तिचे टोक वळणातून फिरवत आत नेऊन अडकलेली वस्तू ओढून घेतात किंवा फोडतात. उघडी लोखंडी सळई मात्र भांड्यात घालू नये. चिनी मातीच्या भांड्यावर ओरखडे उठतात, वळण फुटू शकते आणि फरशीखालील फुटलेल्या वळणातून वर्षभर झिरपा होत राहतो. आवारातील चेंबर व वाहिन्यांसाठी बांबूच्या लांब कामट्या एकमेकींना बांधून वापरण्याची जुनी पद्धत अद्याप रूढ आहे. शहरांत तिची जागा उच्च दाबाने पाणी मारणाऱ्या जेटिंग यंत्रांनी घेतली आहे.

भांडी घासण्याचा द्रव साबण व कोमट पाणी ओतल्याने कागद, मैला किंवा चरबीचा अडथळा सुटण्यास मदत होते. पाणी उकळते असू नये, कारण अचानक तापल्याने भांड्याला तडा जातो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांच्या मिश्रणाचा लौकिक मात्र त्याच्या परिणामापेक्षा फार मोठा आहे. दोन्ही मिसळल्यावर फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. उघड्या तोंडाच्या भांड्यात त्याचा दाब तयार होत नाही आणि शिल्लक राहते ते जवळपास उदासीन खारे पाणी. डायपर त्याने हलत नाही.

रसायनांपासूनचे धोके

बाजारातील नळ मोकळे करणाऱ्या चुऱ्यात प्रामुख्याने कॉस्टिक सोडा असतो. पाण्यात मिसळताच तो खूप उष्णता देतो. बेसिनमधील केस व चरबीवर तो उपयोगी पडतो. साचलेल्या पाण्याने भरलेल्या शौचकूपात तो विरळ होऊन अडथळ्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यानंतर प्लंजर मारणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र तेच पाणी उडते. म्हणून रसायन टाकले असल्यास येणाऱ्या प्लंबरला ते आधी सांगणे आवश्यक आहे.

अधिक मोठा धोका दोन द्रव्ये एकत्र करण्यात आहे. शौचालय साफ करण्याच्या बहुतेक द्रवांत, तसेच सुट्या विकल्या जाणाऱ्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यात ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण पडल्यास क्लोरिन वायू निर्माण होतो. अमोनिया असलेल्या द्रव्यांशी किंवा साचलेल्या मूत्राशी ब्लीचचा संयोग झाल्यास क्लोरामाइन वायू बनतात. शौचालयाची लहान, बंद खोली व तुंबल्यामुळे न उतरणारे द्रव यांमुळे हे वायू तेथेच कोंडतात. डोळ्यांची आग, खोकला किंवा छातीत जळजळ जाणवताच बाहेर पडून दार-खिडक्या उघडाव्यात. काय मिसळले गेले हे पाहण्यासाठी आत थांबू नये.

सफाई व आरोग्य

तुंबलेल्या शौचालयातील पाण्यामुळे पटकी, विषमज्वर, हगवण, ‘अ’ व ‘ई’ प्रकारची कावीळ आणि जंतांचे विकार पसरू शकतात. सफाई करताना रबरी हातमोजे व बूट घालावेत आणि अंगावरील जखमा झाकाव्यात. क्रम महत्त्वाचा आहे. आधी घाण उचलून साबणाच्या पाण्याने जागा धुवावी आणि त्यानंतरच जंतुनाशक वापरावे. मैल्याच्या थरावर टाकलेले क्लोरिन त्या मैल्यातच खर्ची पडते. एक लिटर पाण्यात सुमारे १५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर मिसळल्यास ०.५ टक्के क्लोरिनचे द्रावण मिळते. ते फरशीवर किमान दहा मिनिटे राहू द्यावे. पावडर जुनी किंवा ओलसर असेल तर तिच्यातील क्लोरिन उडून गेलेले असते आणि उरतो तो जवळपास निव्वळ चुना. गाद्या, गालिचे यांसारख्या शोषक वस्तूंत मैला मुरला असल्यास त्या टाकून देणेच सुरक्षित असते.

इमारतीच्या आवारात पिण्याच्या पाण्याची जमिनीखालील टाकी अनेकदा ड्रेनेजच्या चेंबरपासून हाकेच्या अंतरावर असते. चेंबर वाहू लागल्यास मैला टाकीच्या झाकणातून किंवा भेगांतून आत जाऊ शकतो. म्हणून चेंबर तुंबल्यावर त्या टाकीचे पाणी तपासून होईपर्यंत पिऊ नये, टाकी उपसून व क्लोरिनने धुऊन घ्यावी. मैला व पिण्याचे पाणी एकत्र आल्याचा भारतातील सर्वांत परिचित प्रसंग १९५५-५६ चा दिल्लीतील आहे. यमुनेचा प्रवाह बदलल्याने नाल्यातील सांडपाणी वजिराबाद येथील पाणी उपसा केंद्रापर्यंत पोहोचले आणि शहरात काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण आढळले. साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून ही साथ ‘अ’ किंवा ‘ब’ काविळीची नव्हती असे दिसून आले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ या अभ्यासात सहभागी होते. आज तो आजार ‘ई’ काविळीचा होता असे मानले जाते. गर्भवती स्त्रियांमध्ये ही कावीळ विशेष घातक ठरते.

जलबंध कोरडा पडण्याचाही धोका असतो. २००३ च्या सार्स साथीत हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना लागण झाली. न्हाणीघरातील कोरड्या पडलेल्या जाळ्यांच्या वाटे मैल्याच्या नळातील विषाणूयुक्त तुषार घरांत ओढले गेले, असा निष्कर्ष तेथील तपासातून निघाला. दीर्घकाळ बंद राहिलेल्या घरात परतल्यावर प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतण्याची साधी सवय त्यामुळे अर्थपूर्ण ठरते.

पावसाळा व पूर

अतिवृष्टीत शौचालये आतून नव्हे तर बाहेरून तुंबतात. मुंबईत पावसाच्या पाण्याची गटारे आणि मैलावाहिन्या स्वतंत्र आहेत. तथापि रस्त्यावर साचलेले पाणी लवकर ओसरावे म्हणून नागरिक मैलावाहिनीची झाकणे उघडतात, त्यामुळे पुराचे पाणी तिच्यात शिरते आणि सखल भागातील तळमजल्यांवर शौचकूपांतून उलटे वर येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हा अनुभव शहरातील असंख्य घरांनी घेतला. उघड्या झाकणाचा दुसरा परिणाम याहून भयंकर आहे. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतील एक ज्येष्ठ डॉक्टर पाण्याखाली न दिसणाऱ्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले.

उलट प्रवाह रोखण्यासाठी इमारतीच्या शेवटच्या चेंबरपाशी एकाच दिशेने उघडणारी झडप बसवता येते. तिच्यात कचरा अडकला तर मात्र ती स्वतःच अडथळा बनते. त्यामुळे दरवर्षी मे महिन्यात तिची तपासणी करावी लागते. झडप नसलेल्या तळमजल्याच्या घरात पूर येण्याची चिन्हे दिसताच प्लास्टिकच्या जाड पिशवीत वाळू भरून ती भांड्यात व न्हाणीच्या जाळीवर दाबून ठेवणे हा तात्पुरता उपाय होय. पुराच्या पाण्यात वावर झाल्यास लेप्टोस्पायरोसिसचीही शक्यता असते. नंतर ताप आल्यास डॉक्टरांना पाण्याच्या संपर्काची माहिती द्यावी.

सेप्टिक टँक व शोषखड्डे

मैलावाहिनी नसलेल्या गावांत व उपनगरांत शौचालयाचा निचरा सेप्टिक टँकमध्ये होतो. टाकीत घन भाग तळाशी बसतो, तरंग वर राहतो व मधले पाणी शोषखड्ड्याकडे जाते. गाळ दोन-तीन वर्षांनी उपसणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात टाकी ओसंडेपर्यंत तिची आठवण कोणाला होत नाही, आणि काही घरमालक वीस वर्षे उपसा न लागल्याचे अभिमानाने सांगतात. अशा टाकीचा तळ बहुधा बांधलेलाच नसतो आणि मैला जमिनीत, तेथून शेजारच्या विहिरीत जात असतो. भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर असावा लागतो. कोकणातील सच्छिद्र जांभा खडक आणि पावसाळ्यात अंगणापर्यंत वर येणारे भूजल यांमुळे तेथे हे अंतरही नेहमी पुरेसे ठरतेच असे नाही. जमीन पाण्याने संपृक्त झाली की शोषखड्डा शोषत नाही, टाकी भरते व शौचालय उतरत नाही. अशा वेळी टाकी पूर्ण उपसूनही दोन दिवसांत पुन्हा भरते. उलट हलकी, पूर्वनिर्मित टाकी भर पावसात रिकामी केल्यास भूजलाच्या दाबाने ती जमिनीतून वर उचलली जाण्याचा संभव असतो.

यास पर्याय म्हणजे दोन खड्ड्यांचे शौचालय. एक खड्डा भरल्यावर वाटणीच्या चेंबरमधून मैला दुसऱ्याकडे वळवतात आणि पहिल्यातील मैल्याचे साधारण दोन वर्षांत खत होते. महाराष्ट्रात कोकणगांधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणाऱ्या, भंगीकाम अनावश्यक ठरवणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. ‘गोपुरी संडास’ हे नाव त्यावरूनच पडले. बिहारमध्ये बिंदेश्वर पाठक यांनी १९७० मध्ये स्थापन केलेल्या सुलभ संस्थेने दोन खड्ड्यांची रचना देशभर नेली. ही शौचालये तुंबतात ती प्रामुख्याने वाटणीच्या चेंबरमध्ये, आणि दोन्ही खड्ड्यांची तोंडे एकाच वेळी उघडी ठेवल्यामुळे. तसे केल्यास दोन्ही खड्डे एकदमच भरतात व रचनेचा हेतू फसतो.

सिन्नर व वाई या नगरपरिषदांनी तक्रारीची वाट न पाहता शहरातील प्रत्येक टाकी साधारण तीन वर्षांतून एकदा ठरावीक वेळापत्रकाने उपसण्याची व्यवस्था सुरू केली आहे. तिचा खर्च करातून भागवला जातो. घरमालकाने बोलावले तरच गाडी येण्याच्या पद्धतीपेक्षा ही पद्धत निश्चितच उजवी आहे.

जबाबदारी

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार ड्रेनेजच्या सामायिक वाहिन्या व सेप्टिक टँक यांची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते. सदनिकेतील दुरुस्ती सदस्याकडे राहते. वाद उद्भवतो तो दोहोंच्या सांध्यावर, विशेषतः वरच्या घराच्या भांड्याखालील वळणातून खालच्या घराच्या छतावर होणाऱ्या गळतीबाबत. आवाराबाहेरील वाहिनी महापालिकेची किंवा नगरपरिषदेची असते.

सॅनिटरी कचऱ्याबाबत २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी तो वेष्टनात गुंडाळून कचऱ्यात देण्याचे बंधन घातले. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली, जेणेकरून ती हाताळणाऱ्याला आत काय आहे हे उघडण्यापूर्वी कळावे.

सफाई कामगारांची सुरक्षा व कायदा

सेप्टिक टँक, खोल चेंबर आणि मॅनहोल यांत कुजणाऱ्या मैल्यापासून हायड्रोजन सल्फाइड व मिथेन तयार होतात. मिथेन ज्वालाग्राही आहे; म्हणून टाकी उघडताना काडी किंवा विडी पेटवू नये. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असून तळाशी साचतो. त्याचा सडलेल्या अंड्यासारखा वास कमी प्रमाणात तीव्रपणे जाणवतो, परंतु हवेत दशलक्ष भागांत सुमारे १०० भाग झाल्यावर नाक बधिर होते व वास येईनासा होतो. वास नाही म्हणजे धोका नाही, हा समज येथे जीवघेणा ठरतो. याहून जास्त प्रमाणात काही श्वासांत शुद्ध हरपते. टाकीतील मृत्यू पुष्कळदा एकाचे नसतात. पहिला कोसळल्यावर त्याला वाचवण्यासाठी दुसरा उतरतो, मग तिसरा. आणि वाचवणारे बहुधा भाऊ, मुलगा किंवा सहकारी असतात. आत कोणी बेशुद्ध पडल्यास बाहेरच्यांनी उतरू नये. अग्निशमन दलास बोलवावे, शक्य असल्यास झाकणे उघडी करून बाहेरून हवा सोडावी आणि दोर बांधलेला असल्यास वरूनच ओढून काढावे.

हे काम पिढ्यानपिढ्या विशिष्ट जातींवर लादले गेले. पाण्याची शौचालये येण्यापूर्वी शहरांत टोपली संडास होते व मैला डोक्यावरून वाहून नेला जाई. १९९३ च्या कायद्याने कोरड्या शौचालयांवर बंदी आणली. २०१३ च्या हाताने मैला सफाई प्रतिबंधक कायद्याने गटार व सेप्टिक टँकची जोखमीची सफाई करून घेण्यासही मनाई केली. त्याच्या कलम ७ च्या भंगाबद्दल पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि पुढील गुन्ह्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाखांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ही मनाई स्थानिक संस्था व ठेकेदार यांच्याप्रमाणे खासगी व्यक्तीलाही लागू आहे. तुंबलेली टाकी मोकळी करण्यासाठी नाक्यावरून मजूर आणून त्याला आत उतरवणारा घरमालक किंवा गृहनिर्माण संस्थेचा पदाधिकारी या कलमाखाली गुन्हेगार ठरू शकतो. मजुराने स्वखुशीने होकार दिला होता, हा बचाव कायद्यात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी १९९३ पासून अशा सफाईत मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम तीस लाख केली. केंद्र शासनाने २०२० मध्ये सफाईमित्र सुरक्षा स्पर्धा जाहीर केली, तेव्हा १४४२० हा मदत क्रमांकही ठरवण्यात आला. टाकी उपसण्यासाठी नगरपरिषदेची किंवा परवानाधारक खासगी सक्शन गाडी मागवावी. गाडीची नळी पोहोचत नाही म्हणून माणूस उतरवण्याचा प्रस्ताव आल्यास तो नाकारून जास्त लांबीच्या नळीची मागणी करावी.